फोनवर एक घटक शिकवायचा तर: पाहणीपासून चाचणीपर्यंत

पेरूमध्ये ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले आणि त्या योजनेचं नीट मोजमापही झालं. ३१९ शाळांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली आले. मुलांच्या हाती यंत्रं आली, वापर वाढला, पण गणितात आणि भाषेत प्रगती झाल्याचं काही दिसलं नाही. कोविडमध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानात वेगळा प्रयोग झाला. तिथे घरोघरच्या साध्या फोनवर दर आठवड्याला गणिताचा एक एसएमएस जायचा आणि काही घरांना त्याच्या जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसता एसएमएस मिळालेल्या मुलांत फारसा फरक पडला नाही. ज्यांना फोन आला, त्यांचं गणित सुधारलं. दर आठवड्याला कुणीतरी त्यांना विचारत होतं, ‘कसं सोडवलंस, सांग बरं.’

फोन दाखवण्यासाठी कमी आणि विचारण्यासाठी जास्त वापरायचा, हे या लेखाचं सूत्र आहे. पूर्ण अभ्यासक्रम ऑनलाइन नेण्याचा घाट घालू नका. एकच घटक घ्या, तो दोन-तीन आठवडे चालवा, मग पुढचा. इथे नमुना म्हणून भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज घेतली आहे. पद्धत व्याकरणाला, रसायनाला किंवा हिशेबाच्या कोर्सलाही तशीच लागू पडते.

पाहणी कागदावर

कोणाकडे काय आहे हे ऑनलाइन फॉर्मवर विचारलं, तर ज्यांच्याकडे नेट नाही ते त्या पाहणीत दिसतच नाहीत आणि निकाल छान येतो. म्हणून कागद वाटा. प्रश्न सहा पुरेत: फोन स्वतःचा की घरचा, घरचा असेल तर किती वाजता हाती येतो, तो आणखी कोण वापरतं, स्टोरेज किती रिकामं आहे, डेटा रोज मिळतो की महिन्यातले काही दिवस, आणि घरात रेंज कुठे येते.

यातलं ‘किती वाजता’ सर्वांत महत्त्वाचं. पालक कामावरून रात्री आठला येत असतील, तर सायंकाळी पाचचा लाइव्ह वर्ग त्या मुलासाठी नाहीच. एक तृतीयांशाहून अधिक मुलांचा फोन सामायिक असेल, तर लाइव्ह तास हा मुख्य आधार ठेवू नका. ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा करता येईल असं काम द्या आणि मुदत किमान ४८ तासांची ठेवा.

पाहणीत जो सर्वांत कमजोर फोन सापडेल, तसा एक मिळवा. जुना, दोन जीबी रॅमचा, भेग पडलेल्या काचेचा असला तरी उत्तम. पुढे जे जे तयार कराल ते आधी त्यावर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडून पाहायचं. स्वतःच्या चांगल्या फोनवर तपासलेला फॉर्म मुलांच्या फोनवर उघडत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच जन्माला येते.

आधी प्रश्न, मग धडा

व्हिडिओ बनवण्याच्या आधी शेवटच्या चाचणीचे पाच प्रश्न लिहून काढा. ‘अपूर्णांकांची ओळख व्हावी’ असल्या उद्दिष्टावरून काहीच ठरत नाही. ‘छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज करून उत्तर संक्षिप्त रूपात लिहिता येईल’ असं लिहिलं की कुठलं साहित्य लागेल आणि कुठलं नाही हे आपोआप दिसू लागतं. अपूर्णांकांचा इतिहास, रंगीत ॲनिमेशन, सुरुवातीचं संगीत, सगळं गळून पडतं.

मग मुलांच्या वह्या काढा आणि या घटकात नेमक्या कोणत्या चुका होतात त्या टिपा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १/२ + १/३ या बेरजेत चुका ठरलेल्या असतात. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ येतं. लसावि ६ काढलेला असतो, पण अंश बदलायचे राहतात, त्यामुळे २/६ येतं. गुणाकाराचा नियम बेरजेला लावला की १/६. तीन उत्तरं, तीन वेगळे गैरसमज, आणि तिघांवर इलाज वेगळा.

व्हिडिओ: छोटा, साधा, हलका

फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, मध्यक पाहण्याचा वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. आपल्या कामासाठी तीन ते पाच मिनिटं धरा आणि एका व्हिडिओत एकच गोष्ट. ‘लसावि का काढायचा’ हा एक व्हिडिओ, ‘अंश कसे बदलायचे’ हा दुसरा. पंचेचाळीस मिनिटांचा तास फळ्यासमोर कॅमेरा ठेवून चित्रित करून पाठवणं सर्वांत सोपं आणि सर्वांत निरुपयोगी.

चित्रीकरणाला स्टुडिओ नको. फोन पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडव्या टेकवलेल्या पट्टीवर स्क्रीन वर करून ठेवा, मागचा कॅमेरा पट्टीच्या कडेबाहेर, खाली बघणारा. खाली ए५ आकाराचा, म्हणजे ए४चा अर्धा कागद आडवा. प्रकाश डावी-उजवीकडून यावा. डोक्यावरचा एकच दिवा असला की हाताची सावली नेमकी लिहिलेल्यावर पडते. पेन काळं, जाड टोकाचं. अक्षर किमान सव्वा सेंटिमीटर उंच काढा. फोन उभा धरणाऱ्या मुलाला आडवा व्हिडिओ जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसतो, म्हणजे तुमचा २१ सेंटिमीटरचा कागद एक तृतीयांश होतो आणि सव्वा सेंटिमीटरचं अक्षर चार मिलिमीटरचं. याहून लहान लिहिलं तर अंश आणि छेद एकमेकांत मिसळतात.

रेकॉर्डिंगआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येतो. स्क्रीनवर कागदाच्या जागी बोट काही क्षण दाबून ठेवलं की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड लॉक होतात. ते केलं नाही, तर हात चौकटीत आला-गेला की चित्र धूसर होतं, पुन्हा स्पष्ट होतं आणि बघणाऱ्याचं डोकं दुखतं. आवाज इअरफोनच्या माइकमध्ये घ्या, तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद करून. चित्र थोडं खराब असलं तरी मुलं चालवून घेतात. घुमणारा आवाज आला की व्हिडिओ बंद करतात.

लिहिता लिहिता बोला. आधी सगळं लिहून मग समजावलं की डोळे एकीकडे, कान दुसरीकडे अशी अवस्था होते. पडद्यावरची वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवू नका. शिक्षणाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्रासोबत तेच शब्द ऐकायलाही आणि वाचायलाही दिले तेव्हा बहुधा शिकणं कमी झालं, कारण लक्ष दोन्हींची जुळणी करण्यात जातं. अपवाद दोघांचा. ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांची ती भाषा अजून कच्ची आहे, त्यांना उपशीर्षकं हवीतच. ती चालू-बंद करता येतील अशी वेगळी द्या, चित्रात कोरू नका.

मध्यावर एकदा थांबा: ‘व्हिडिओ थांबवा, १/४ + १/६ चा छेद किती येईल ते वहीत लिहा.’ नंतर पाच सेकंद खरोखर गप्प राहा.

आता वजन. फोन १०८०पीवर मिनिटाला शंभर एमबीहून जास्त फाइल सहज बनवतो. पाच मिनिटांचा व्हिडिओ ५५० ते ७५० एमबी होतो. तो कुणी उतरवणार नाही. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४८०पीचा प्रीसेट निवडा, कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) एच.२६४, फ्रेम दर सेकंदाला १५, सरासरी बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) ३०० किलोबिट, आवाज मोनो ६४ किलोबिट. एकूण ३६४ किलोबिट गुणिले ३०० सेकंद, भागिले आठ, म्हणजे साधारण साडेतेरा एमबी. कागदावर हळूहळू उमटणारी अक्षरं एवढ्यात स्वच्छ दिसतात. प्रयोगाचा किंवा खेळाचा व्हिडिओ असेल तर हालचाल जास्त, तिथे बिटरेट दुप्पट करा. ज्यांना तेही जड, त्यांच्यासाठी त्याच पानाचा फोटो आणि ३२ किलोबिटमधला आवाज द्या. पाच मिनिटांचा आवाज सव्वा एमबीच्या आत बसतो.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो आणखी दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. तयार फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाव ‘व्हिडिओ_फायनल२’ असं नको; ‘०३_अपूर्णांक_लसावि’ असं ठेवा, म्हणजे फोनमध्ये ओळीने लागतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सापडतात.

प्रश्नांचा फॉर्म

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा. व्हिडिओच्या दुप्पट वेळ प्रश्नांवर गेला तरी तो वाया जात नाही.

पर्यायी प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या खऱ्या चुकीतून आलेला असावा. वरच्या बेरजेला पर्याय द्या: ५/६, २/५, २/६, १/६. इथे ७/११ सारखा भरतीचा पर्याय टाकला तर तो कुणी निवडणार नाही आणि निवडला तरी त्यातून काही कळणार नाही. नीट पर्याय असले की उत्तर चुकलं तरी का चुकलं ते लगेच दिसतं.

गुगल फॉर्म्समध्ये क्विझ चालू केली की प्रत्येक प्रश्नाला चुकीच्या उत्तरासाठी प्रतिसाद लिहिता येतो, पण तो एकच आणि तोही सबमिट केल्यावर दिसणारा. प्रत्येक चुकीला वेगळा आणि लगेच इशारा हवा असेल, तर शाखा करायच्या, म्हणजे निवडलेल्या उत्तरानुसार फॉर्मचा वेगळा भाग (सेक्शन) उघडेल असं करायचं:

१. प्रश्न स्वतंत्र सेक्शनमध्ये ठेवा, प्रकार ‘मल्टिपल चॉइस’, आणि ‘रिक्वायर्ड’ चालू.
२. प्रश्नाच्या तीन ठिपक्यांत ‘गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर’ निवडा.
३. प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी एक इशारा-सेक्शन बनवा. २/५ निवडणाऱ्याला: ‘२/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्यात काही मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल?’ २/६ निवडणाऱ्याला: ‘छेद बरोबर. १/२ म्हणजे ६ छेदाचा किती?’ १/६ निवडणाऱ्याला: ‘तुम्ही गुणाकार केलात. १/६ हे १/३ पेक्षाही लहान आहे.’
४. प्रत्येक इशारा-सेक्शनच्या शेवटी पुढे कुठे जायचं ते ठरवा. त्याच प्रकारच्या नव्या गणितावर न्या.

चौथी पायरी राहून गेली की फॉर्म क्रमाने खालच्या सेक्शनमध्ये उतरतो आणि २/५ लिहिणाऱ्याला २/६चाही इशारा दिसतो. मुलं गोंधळतात आणि दोष गणिताला देतात. प्रत्येक पर्याय निवडून स्वतः एकदा पूर्ण वाट चालून पाहा. शिवाय ‘बॅक’ दाबून उत्तर बदलता येतं, म्हणून शाखांचा फॉर्म सरावासाठीच. गुणांसाठी वेगळा साधा फॉर्म.

इशाऱ्यात उत्तर देऊन टाकायचं नाही. ‘चूक, उत्तर ५/६’ हे वाचायला दोन सेकंद लागतात आणि विसरायला तेवढेच. मुलाला एक पाऊल मागे नेऊन पुन्हा करायला लावणारं वाक्य हवं, पंधरा-वीस शब्दांचं.

फॉर्ममध्ये आणखी चार ठिकाणी माती खाल्ली जाते:

‘एकाच प्रतिसादाची मर्यादा’ चालू केली की गुगल खात्याने लॉगिन लागतं. घरच्या एका फोनवर दोन भावंडं असतील, तर दुसऱ्याला फॉर्म बंद मिळतो. मर्यादा काढा, हजेरी क्रमांक विचारा, आणि त्याला फक्त आकडाच चालेल अशी अट लावा.

फाइल अपलोडच्या प्रश्नालाही लॉगिन लागतं. वहीचे फोटो ग्रुपच्या बाहेर, शिक्षकाला थेट पाठवू द्या.

लहान उत्तराच्या प्रश्नात यंत्र अक्षरन् अक्षर ताडून बघतं. देवनागरी आकड्यांत लिहिलेलं ५/६ आणि इंग्रजी आकड्यांतलं पाच-षष्ठांश त्याच्या लेखी वेगळं, मधे जागा सोडली तर तिसरंच. उत्तरसूचीत हे सगळे प्रकार घाला, किंवा अंश आणि छेद दोन वेगळ्या रकान्यांत विचारा.

लॉगिन नसताना अर्धवट भरलेला फॉर्म नेट गेल्यावर हातचा जाऊ शकतो. एका फॉर्ममध्ये पाच ते सात प्रश्न, त्यापेक्षा जास्त नको. गणिताचा फोटो प्रश्नात टाकायचा असेल तर तो शंभर केबीच्या आसपास आणा, आणि टाइप करता येण्यासारखा मजकूर चित्र म्हणून टाकू नका: तो मोठा करता येत नाही, दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही आणि पुढच्या वर्षी बदलता येत नाही.

दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला: पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत झपाट्याने निसटतं, मग हळूहळू. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. पहिल्या निकालामुळेच पुन्हा पुन्हा वाचणं उपयोगी वाटतं आणि विद्यार्थी तेच करत बसतात.

फोनची कमाई इथे आहे, कारण ठरल्या दिवशी आठवण करून देणं त्याला जमतं. घटक संपला की वेळापत्रक असं लावा: दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न, तिसऱ्या दिवशी दोन, सातव्या दिवशी तीन, एकविसाव्या दिवशी तीन. सातव्या दिवसापासून एक प्रश्न जुन्या घटकाचा मिसळा. बेरजेच्या प्रश्नांत एक गुणाकाराचा आला की कुठला नियम कुठे हे ओळखावं लागतं. सगळेच प्रश्न एका साच्याचे असले तर मुलं न वाचता सोडवतात.

व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते नावानिशी सर्वांना दिसतं. पहिल्या तीन हुशार मुलांनी जे निवडलं त्यामागे अख्खा वर्ग जातो. टेलिग्रामवर क्विझ प्रकारचा निनावी पोल टाकता येतो. त्यात बरोबर उत्तर आधी नोंदवायचं आणि दोनशे अक्षरांपर्यंत स्पष्टीकरण लिहायचं. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर उत्तर थेट शिक्षकाला पाठवायला सांगा, ग्रुपवर नाही.

शब्दसंग्रह, सूत्रं, संज्ञा, तारखा यांच्यासाठी अँकी हे प्रश्न-उत्तराच्या कार्डांचं ॲप वापरावं. अँड्रॉइडवर ते अँकीड्रॉइड नावाने मोफत मिळतं आणि नेटशिवाय चालतं. जे कार्ड चुकतं ते लवकर परत येतं, जे येतं ते लांबतं. एका कार्डावर एकच गोष्ट. ‘प्रकाशसंश्लेषणाची माहिती लिहा’ हे कार्ड नव्हे, तो दहा कार्डांचा ऐवज आहे. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाचच्या वर नवी कार्डं देऊ नका. उत्साहात रोज तीस घेतली की पंधरा दिवसांत उजळणीचा डोंगर होतो आणि ॲप उघडणंच बंद पडतं.

समोरासमोरच्या वर्गात

व्हिडिओ घरी बघून झाला, फॉर्म भरून झाला, तर वर्गात तोच धडा पुन्हा शिकवू नका. तसं केलं की घरी बघायची गरज नाही हे मुलांना दोनच दिवसांत कळतं. ज्यांनी बघितला नाही त्यांना मागच्या बाकावर पाच मिनिटांत बघू द्या, बाकीच्यांचं काम सुरू ठेवा.

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर १९९१ पासून वापरत आलेली पद्धत यासाठी उत्तम. एक पर्यायी प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने, न बोलता उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर संकल्पनाच पुन्हा समजवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे चला. मधल्या पट्ट्यात असतील तर उत्तर न सांगता दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा मत घ्या. पहिल्या फेरीचा निकाल पडद्यावर दाखवायचा नाही, हे पथ्य. आकडे दिसले की पटवणं संपतं आणि बहुमत सुरू होतं.

मुलांकडे फोन नसतील तरी हे जमतं. प्लिकर्स या ॲपमध्ये प्रत्येक मुलाजवळ एक छापील चौकोनी कार्ड असतं, ते चारपैकी ज्या बाजूने धरावं ते उत्तर. शिक्षकाने आपल्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं नोंदली जातात. कार्ड साध्या जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन केलं तर खिडकीचा उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला चिन्ह दिसत नाही. बोटं काळ्या भागावर येऊ द्यायची नाहीत.

लाइव्ह तास घ्यायचाच असेल तर

चाळीस मिनिटांच्या वर नको. एक मेगाबिटच्या वेगाने चाललेली व्हिडिओ कॉल तासाला ४५० एमबी खाते, तेव्हा मुलांचे कॅमेरे बंद असले तर वाईट वाटून घेऊ नका. शिक्षकाचाही पहिल्या दोन मिनिटांनंतर बंद केला तरी चालतो. आवाज आणि लिहिलेलं पान एवढं नीट पोचायला हवं.

‘समजलं का सगळ्यांना?’ या प्रश्नाला ऑनलाइन वर्गात एकच उत्तर असतं, शांतता किंवा ‘हो सर’. त्याऐवजी: ‘२/३ + १/४, उत्तर चॅटमध्ये लिहून ठेवा, पाठवू नका. मी तीन म्हणेन तेव्हा सगळ्यांनी एकदम पाठवा.’ एका क्षणात तीस उत्तरं धबाधबा येतात, एकमेकांचं बघून लिहायला वेळ उरत नाही, आणि ३/७ किती जणांनी लिहिलं ते डोळ्यांना दिसतं. दर आठ-दहा मिनिटांनी एकदा हे करा. छोट्या गटांत पाठवायचं असेल तर तिघा-चौघांचे गट, काम लेखी आणि वेळ सहा मिनिटं. ‘चर्चा करा’ एवढंच सांगून पाठवलेल्या खोल्यांत कुणी बोलत नाही.

ग्रुप

दोन ग्रुप करा. एकात फक्त शिक्षक लिहील, तिथे साहित्य आणि मुदती, दुसऱ्यात शंका. एकच ठेवला तर शुभ सकाळच्या फुलांखाली गृहपाठ गाडला जातो. पाठवण्याची वेळ रोज एकच, आणि संदेशाचा साचाही एकच: घटक, काय करायचं, किती मिनिटं लागतील, कधीपर्यंत. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद कसं करायचं हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनवर करून दाखवा, नाहीतर महिन्याभरात ‘स्टोरेज फुल’.

ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मुलींच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. नुसत्या सूचनाच द्यायच्या असतील तर व्हॉट्सॲपचं चॅनेल वापरा. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. गुणांची यादी कुठल्याच ग्रुपवर टाकायची नाही.

नेटच नसेल तर

लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं कोलिब्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर नेमकं यासाठी बनलेलं आहे. जिथे नेट आहे तिथे एकदा साहित्य उतरवून घ्यायचं, मग जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक शाळेत साध्या राउटरला जोडायचा. राउटरला इंटरनेट असायची गरज नाही. मुलं त्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये पत्ता टाकतात आणि व्हिडिओ, सराव, प्रगतीची नोंद सगळं तिथल्या तिथे चालतं. एका साध्या राउटरवर तीस जणांनी एकदम व्हिडिओ लावले की अडकायला लागतं. निम्म्यांना सरावावर आणि निम्म्यांना व्हिडिओवर ठेवा.

मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या संस्थांत मोबाइल ॲपवरून क्विझ ऑफलाइन सोडवता येते, मात्र क्विझच्या सेटिंगमध्ये ती परवानगी आधी चालू करावी लागते आणि वेळेची मर्यादा काढावी लागते. साधे बटणांचे फोन असतील तर बोत्स्वानाचीच वाट: आठवड्याला ठरल्या वेळी फोन, दोन गणितं, मुलाने मोठ्याने बोलत सोडवायचं.

उत्तरं बघायची कशी

किती जणांनी व्हिडिओ पाहिला या आकड्यावर वेळ घालवू नका. फॉर्मच्या सारांशात प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते बघा. ४० पैकी १४ जणांनी २/६ निवडलं असेल, तर उद्याच्या तासाची पहिली दहा मिनिटं ठरली: अंश बदलणं. नंतर एकूण गुणांनुसार वरचा तिसरा हिस्सा आणि खालचा तिसरा हिस्सा वेगळा करा. एखाद्या प्रश्नात वरच्या मुलांपेक्षा खालची जास्त बरोबर असतील, तर बहुधा उत्तरसूची चुकलेली आहे किंवा प्रश्नाचे दोन अर्थ निघतात. मुलांना नावं ठेवण्याआधी प्रश्न तपासा.

सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले आणि सर्व फॉर्म एकाच दहा मिनिटांत आले, तर उत्तर कुठून तरी फिरलं आहे. हजेरी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून गणित बदला: सम असेल तर हे, विषम असेल तर ते. किंवा एका मिनिटाची व्हॉइस नोट मागा: ‘छेद १२ का घेतला ते सांग.’ ऐकायला वेळ लागतो, म्हणून दर वेळी पाच-सहा जणांचीच, आलटून पालटून.

चॅटबॉटचंही तसंच. तुर्कस्तानातल्या माध्यमिक शाळांत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. साधा चॅटबॉट हाताशी असताना सरावाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतल्यावर ही मुलं कधीच तो न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारा, शिक्षकांनी बांधून घेतलेला बॉट ज्यांना मिळाला, त्यांचं हे नुकसान बरंचसं टळलं. तेव्हा बंदी घालत बसण्यापेक्षा काम बदला. चुकीचं सोडवलेलं एक गणित द्या, चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधायला आणि ती चूक करणाऱ्या मुलाला काय विचाराल ते लिहायला सांगा. गुणांची चाचणी मात्र समोर बसवून, कागदावर.

वहीचे फोटो तपासताना सगळं तपासू नका. आज फक्त समच्छेद केलेली ओळ, उद्या फक्त संक्षिप्त रूप. आधी सांगून ठेवा: फोटो वरून सरळ, एका फोटोत एक पान, कोपऱ्यात हजेरी क्रमांक. चुकलेल्या ओळीवर गोल करून फोटो परत पाठवा आणि तीस सेकंदांची व्हॉइस नोट जोडा. गुण लिहिले की मूल फक्त गुण बघतं. पहिल्या फेरीत ते देऊच नका, दुरुस्त करून पाठवल्यावर द्या.

एकविसाव्या दिवसाची उत्तरं आली की सुरुवातीला लिहिलेल्या पाच प्रश्नांशी ती ताडून पाहा. जो प्रश्न अजून निम्म्यांना येत नाही, त्याचा व्हिडिओ नव्याने करण्याआधी त्याचे इशारे बदलून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. चालले नाहीत ते प्रश्न काढा, चालले ते घटकाच्या नावाने एका तक्त्यात जपा, प्रत्येक पर्यायापुढे तो कुठल्या चुकीचा आहे हे लिहून. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर व्हिडिओ नसला तरी त्यांचं चालेल, हा तक्ता मात्र त्यांच्या हाती द्या.